नवीच्या नावाने मी राबले

मी एक जुनी हार्ड डिस्क बोलतेय. सध्या टेबलावर सुट्या स्क्रूंच्या शेजारी उताणी पडले आहे. कुणी कीव बिव करू नका. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे माणसं पांढरे झगे घालून आणि तोंडं झाकून वावरायची, कारण धुळीचा कण आत गेला तर माझं काही खरं नव्हतं. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरायला एक बारीकसा हात दिला. चकती गरगर फिरणार आणि हाताने तिला न टेकता लिहायचं, न टेकता वाचायचं. तुम्ही करून बघा एकदा, नाकी नऊ येतील.

एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी या घरी आले. इथल्या वहिनी वाचा-उपचार करतात. ज्यांचं बोलणं अडखळतं, किंवा आजारपणात गेलेलं असतं, अशी माणसं त्यांच्या पुढच्या खोलीत येतात. वहिनींची एक पद्धत आहे. दर बैठकीला त्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करतात आणि माझ्याकडे ठेवायला देतात. पुढे कधी तो माणूस हिरमुसला, तर त्याला त्याचाच पहिल्या दिवशीचा आवाज ऐकवतात. भल्याभल्यांचे चेहरे त्यानंतर उजळलेले मी पाहिलेत.

नुसते आवाजच नाहीत, कॉम्प्युटरचा सगळा कारभार माझ्याकडेच होता. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती हीच. सकाळी बटण दाबलं की सगळ्यांना उठवायचं, कामाला लावायचं, काय कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवायचं. पण वय कुणाला चुकलंय? हळूहळू मला उठायला वेळ लागू लागला. वहिनी बटण दाबून कुंड्यांना पाणी घालून यायच्या, तरी मी आपली डोळेच चोळतेय.

मग वहिनींच्या धाकट्या दिरांनी मनावर घेतलं. वरच्या मजल्यावर राहतात, कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा त्यांचा लौकिक आहे. तो पसरवण्यात त्यांचा स्वतःचा हात मोठा. ते एसएसडी नावाची नवी डिस्क घेऊन आले. चपटी, सडपातळ, आत फिरणारं काहीच नाही आणि तोंडातून हूं की चूं नाही. माझ्याकडचा सगळा कारभार तिच्यात जसाच्या तसा उतरवायचा, असं ठरलं.

मी मनापासून दिला. हेवा कसला? थकलेल्या माणसाला बदली आली की आनंदच होतो. उतरवून झालं, भावजींनी कॉम्प्युटर परत सुरू केला आणि पडद्यावर सगळं होतं तसंच दिसलं.

"बघा वहिनी! जिथल्या तिथे! आता हे विमान झालं, विमान!"

"आणि जुनीचं काय?"

"राहू दे आतच. असली तर असली."

इथेच घोळ झाला. आधी कुणाला उठवायचं, हे कॉम्प्युटरला सांगायचं भावजी साफ विसरले होते. त्याने सवयीने मलाच उठवलं. आणि पडदा दोघींचा सारखाच, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. शिवाय त्याच दिवशी भावजींनी पंख्यातली धूळ झटकली होती, नको ते सामान काढून टाकलं होतं, म्हणून मलाही जरा हुरूप आला होता.

"खरंच हो भावजी, नवी भारीच आहे," वहिनी म्हणायच्या. राबत होते मी, आणि कौतुक चाललं होतं तिचं! ती बिचारी शेजारी कोरीच्या कोरी बसून होती, म्हणजे त्या दिवसापुरतं सगळं पाठ, पुढचं काहीच नाही. पुढचं सगळं माझ्याच अंगावर पडत होतं, आणि माझ्या चकतीवर ठिकठिकाणी नासकी जागा वाढत चालली होती. सगळे निर्धास्त, आणि एकट्या माझा जीव टांगणीला. मी आज गेले तर इतक्यातले सगळे आवाज माझ्याबरोबर जाणार, हे मी सांगणार कुणाला?

त्यातच ड्रायव्हरकाका आले. हयातभर बस चालवली, आणि अर्धांगाचा झटका आल्यावर वाचा गेली. पहिल्या दिवशी वहिनींनी पेला दाखवला तर "पा… पा…" एवढंच फुटलं आणि काका रडले. तो आवाज मीच लिहून घेतला. पुढे काका छोटी वाक्यं बोलू लागले, पण आपण सुधारतोय हे त्यांना पटेना. काल काकूंचा फोन आला, "ते म्हणतात उपयोग नाही. उद्या दुपारी शेवटचं येतील, तुमचा निरोप घ्यायला."

आज सकाळी वहिनींनी तो पहिला आवाज शोधला आणि उघडायला गेल्या. नेमका नासक्या जागेवर! माझा हात कट्कन अडला, मागे आला, परत अडला. पडदा थिजला. वहिनींनी खाली वाकून कान लावला. दिवसभर अडखळणारी माणसं ऐकणारा कान तो.

"भावजी, जरा खाली या. नवीला आवाज नसतो म्हणाला होतात ना?"

"पंखा असेल हो वहिनी."

"पंखा अडखळत नाही. हे कुणीतरी बोलायला बघतंय आणि त्याला जमत नाहीये."

भावजींनी झाकण उघडून माझ्यावर बोट ठेवलं. मी थरथरत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, ही अजून चालतेय! म्हणजे इतके दिवस… वहिनी, मी गाढव आहे."

"ते नंतर ठरवू. आधी काकांचा आवाज काढा."

भावजींनी कॉम्प्युटरला नवीला आधी उठवायला सांगितलं. ती चुटकीसरशी उठली, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. मग माझ्याकडचं इतक्यातलं सगळं तिच्याकडे जाऊ लागलं. एकेक आवाज सुटत गेला. काकांच्या त्या आवाजापाशी येऊन परत कट्.

"हा एक जात नाही वहिनी. सोडून देऊ?"

"बाकी काहीही सोडा. हा नाही."

भावजींनी टेबलफॅन माझ्याकडे वळवला. अंग जरा थंड झालं. मी परत हात नेला. अडला. परत नेला. अंगात त्राण नव्हतं, पण ते "पा… पा…" माझ्याबरोबर मातीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं. आणि एकदाचं सुटलं! भावजी खुर्चीत मागे कोसळले, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी माझी तार काढली आणि मला अलगद टेबलावर ठेवलं.

तुम्हा माणसांना एकच विनवणी आहे. कुणाच्या जागी नवं माणूस आणलंत, तर जुनं खरंच सुटलंय का, एवढं बघत जा. लाजेने किंवा सवयीने ते राबतच राहतं, आणि मोडेपर्यंत तुम्हाला पत्ता नसतो.

दुपारी काका आले. टोपी हातात, निरोपाची तयारी करूनच. वहिनींनी तो आवाज लावला. "पा… पा…" आणि मग रडणं.

काका ऐकत राहिले. "हा… कोण?"

"तुम्हीच काका. पहिला दिवस."

काकूंनी त्यांचा हात धरला. मग काकांनी टोपी टेबलावर, माझ्या अगदी शेजारी ठेवली.

"तो… आवाज ठेवा. आता… आजचा घ्या."

वहिनींनी बटण दाबलं. काका सावकाश बोलू लागले, नवी एक चकार शब्द न काढता लिहून घेऊ लागली, आणि मी पहिल्यांदाच नुसती ऐकत पडले.