सातव्या खणातली डिस्क

“सर्व्हर बंद नाही ना करायचा?” इंजिनिअरने दारातूनच विचारलं.

“बंद करायचा असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? बटण मलाही दाबता येतं,” भाऊ म्हणाला.

एरवी भाऊ असा तिरसट बोलणाऱ्यातला नव्हता. हॉस्पिटलमधले एक्स-रे आणि स्कॅन ज्या सर्व्हरवर साठवलेले असत, तो सांभाळणं हे त्याचं काम. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला भाऊ म्हणत आणि तो सगळ्यांशी हसून बोले. पण डिस्क बदलायला नेहमी येणारा इंजिनिअर रजेवर होता, आणि कंपनीने त्याच्या जागी जो पाठवला, तो नेमका भाऊच्या आधीच्या बायकोचा आताचा नवरा निघाला.

“आपली ओळख... म्हणजे, आहे तशी,” इंजिनिअर अवघडून म्हणाला.

“आहे ना. या.”

भाऊने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. या माणसाचं पोट सुटलेलं असावं, अशी त्याची फार दिवसांची अपेक्षा होती. तेही सुटलेलं नव्हतं. शर्टाला कडक इस्त्री. भाऊच्या संसारात इस्त्री बिघडली होती आणि ‘बघतो’ म्हणता म्हणता ती माळ्यावर गेली ती गेलीच. या गृहस्थाने ती दुरुस्त केली असणार. त्याने फोन आणि डब्याची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीला दुहेरी गाठ होती, सुटता सुटत नाही अशी. तशी गाठ फक्त ती मारायची.

त्यांचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. भाऊ कायम सर्व्हरपाशी असायचा. एक दिवस ती म्हणाली, “तू नसतोसच घरात. मग कागदोपत्री तरी कशाला असायला हवास?” मुलगी आईकडे राहिली. घरात तिला खारू म्हणत. खारू रविवारी भाऊकडे यायची आणि उरलेला आठवडा या इस्त्रीवाल्याकडे असायची. उरलेल्या आठवड्यात ती कुणाच्या हातून गणितं तपासून घेते, कुणाच्या गाडीवर मागे बसते, याचा विचार करायचा नाही असं भाऊने ठरवलं होतं आणि रोज तोच विचार करत होता.

“चला, उरकून घेऊ,” तो म्हणाला.

काम नाजूक होतं. सर्व्हरच्या आठ खणांत आठ डिस्क. माहिती अशी वाटून ठेवलेली की एक मेली तरी उरलेल्या सातजणी तिचं काम सावरून घेतात. पण एक गेलेली असताना आणखी एक ओढली, की सगळं मुसळ केरात. आज एक डिस्क आचके देत होती, आणि वर ऑपरेशन चालू होतं, त्यामुळे सर्व्हर मिनिटभरही बंद ठेवता येणार नव्हता. अशा वेळी एकाने कीबोर्डवर बसून सर्व्हरला सांगायचं की ही डिस्क सोड, आणि त्याने सोडली की दुसऱ्याने खणातून ओढायची. हॉस्पिटलचा पासवर्ड बाहेरच्याला द्यायचा नाही असा नियम होता, म्हणून भाऊ खोलीतल्या काचेच्या भिंतीअलीकडे कीबोर्डवर बसला आणि इंजिनिअर पलीकडे, पंख्यांच्या गोंगाटात, सर्व्हरच्या रॅकसमोर उभा राहिला. मधलं दार उघडंच होतं.

भाऊने काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली. क्षणभर काही झालं नाही. मग एक ओळ उमटली: डिस्क सोडली. कुणाचा फोटो अडला नाही, वर थिएटरमध्ये कुणाला पत्ता लागला नाही. इतकं सहज होतं ते, आणि भाऊला तेच आवडलं नाही. त्यालाही घरातून असंच काढलं होतं. शेजाऱ्यांना कित्येक महिने कळलंसुद्धा नव्हतं.

“सुटली!” तो ओरडला.

“कितवी?”

“सहा!”

इंजिनिअरचा हात सहा लिहिलेल्या खणाकडे गेला, आणि भाऊच्या लक्षात आलं.

सर्व्हर शून्यापासून मोजतो आणि खणांवरच्या पट्ट्यांचे आकडे एकपासून आहेत. पडद्यावरची सहा म्हणजे पट्टीवरची सात. नेहमीच्या इंजिनिअरला ते अंगवळणी पडलं होतं; भाऊ सहा म्हणाला की त्याचा हात आपोआप सातवर जायचा. एरवी काढायच्या डिस्कचा दिवा लुकलुकतो, पण या जुन्या मशीनचे दिवे केव्हाच गेलेले. याने निदान विचारायला तरी हवं होतं. विचारलं नाही, कारण भाऊसमोर त्याला आज अडाणी दिसायचं नव्हतं. भाऊला ते लगेच कळलं. त्यालाही आज तसंच वाटत होतं.

इंजिनिअरने खणाची कडी सोडवली. आता फक्त ओढायचं बाकी होतं.

भाऊ गप्प बसला.

ओढणारा हात इंजिनिअरचा होता. बोट त्याच्याकडेच दाखवलं गेलं असतं. चौकशी, कंपनीकडून मेमो, कदाचित नोकरीही. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला भाऊला डोळ्यांसमोर दिसला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. वर टेबलावर कुणीतरी पोट उघडून झोपलंय, हेही त्याला त्या क्षणी आठवलं नाही.

मग त्याला पुढचं दिसलं. हा माणूस तोंड पाडून घरी जाईल. ती दारातच ओळखेल. काही न विचारता चहा टाकेल. खारू याच्या शेजारी बसेल, खांद्यावर डोकं ठेवेल, म्हणेल, जाऊ दे ना. सगळं घर याच्याभोवती गोळा होईल. भाऊच्या वाईट दिवसांत असं कुणी गोळा झालं नव्हतं. तो घरी पोचेपर्यंत सगळे झोपलेले असत. हेही याला मिळणार? या मायेचाही हाच धनी?

“थांबा!” भाऊ खुर्ची पाडून उठला. “हात काढा! ती नाही, सात! पट्टीवरची सात!”

इंजिनिअरने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वाचवलंत,” तो म्हणाला. “तुमच्या जागी दुसरा कोणी असता ना...”

“कडी आधी नीट बसवा,” भाऊ म्हणाला.

चांगुलपणाचं श्रेय फुकटात पदरात पडत होतं. ते घ्यायची लाज वाटत होती आणि परत करायचं तर खरं सांगावं लागलं असतं. भाऊने पडलेली खुर्ची उचलली आणि परत बसला.

सातव्या खणातली डिस्क निघाली, नवी बसली. नवी डिस्क आली हे सर्व्हरला आपणहून कळलं नाही, तर कमांडमध्ये तीन आडव्या रेघा टाकायच्या असतात. कुठूनही, कोणतीही, कसलीही आलेली असो, बघून घे, असा त्यांचा अर्थ. भाऊने रेघा टाकल्या. सर्व्हरने बघून घेतलं. उरलेल्या सातजणी जुनीकडे काय काय होतं ते नवीला देऊ लागल्या. भाऊला इतका मोठेपणा कधी जमला नव्हता.

इंजिनिअर रॅकच्या मागे लोंबणाऱ्या वायरी बांधत असताना टेबलावरचा त्याचा फोन वाजला.

“खारूचा आहे,” भाऊने नाव वाचून सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

इंजिनिअर आतूनच म्हणाला, “माझे दोन्ही हात अडकलेत. घ्या ना. तुम्हीच घ्या.”

रविवार नसताना तिचा आवाज! क्षणभर भाऊ या माणसावर जळायचंसुद्धा विसरला. ओळख बघू कोण, असं विचारायचं त्याने ठरवलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला.

“हॅलो.”

“बाबा, ऐक ना. येताना निळा चार्टपेपर आण. पांढरा नको हं, माझ्याकडे आहे.”

ओळखलं! एका शब्दावरून ओळखलं पोरीने. भाऊचं तोंड हसण्यासाठी उघडलं. मग हातातला फोन कुणाचा आहे, ते त्याच्या डोक्यात शिरलं. ती त्या माणसाला काय म्हणते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

“बाबा? आणशील ना?”

“आणतो,” भाऊ म्हणाला.

तिने फोन ठेवला. भाऊने तो डब्याच्या पिशवीशेजारी होता तसा ठेवून दिला.

“काय म्हणाली?” इंजिनिअरने रॅकमागून विचारलं. “ओळखलं तुम्हाला?”

“पंखे फार वाजतायत.”

भाऊ पडद्याकडे बघत बसला. नवी डिस्क संथपणे भरत चालली होती. इंजिनिअर हात पुसत बाहेर आला, त्याने पिशवी उचलली, निघतो म्हणाला आणि जिन्यापर्यंत पोचलाही. तेव्हा भाऊ उठून दारात आला.

“अहो,” त्याने हाक मारली. “चार्टपेपर न्यायचाय. निळा. पांढरा नको.”