वीस मिनिटांची झोप

नाथाजींनी परातीवर उलथनं आपटलं. हॉलमधल्या सव्वीस पोरापोरींपैकी दहा-बारा जणांनी बाकावरची डोकी उचलली. बाकीच्यांना खांद्याला धरून हलवावं लागलं. उदयसिंहच्या गालाखालची वही लाळेनं भिजली होती आणि निळी शाई गालावर उतरली होती. त्याच्या शेजारच्याचे डोळे चिपडांनी चिकटून बसले होते. अंधार हवा म्हणून खिडक्या बंद ठेवलेल्या. त्यामुळे घामाचा आणि शिळ्या तोंडांचा वास आत कोंडला होता. नाथाजींना त्या लाळेची किळस आली. ते परात तिथंच ठेवून बाहेर आले.

वडूजच्या बाहेर माळावर ही भरतीची अकॅडमी त्यांच्या मुलानं, जयराजनं काढली होती. जयराज स्वतः तीनदा सैन्यभरतीत नापास झालेला. पण शिकवायचा जीव तोडून, आणि पोरंही भरतीत लागत होती. पोलीस भरतीची लेखी अठरा दिवसांवर आली, तेव्हा त्यानं कुठल्याशा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून नवं शेड्यूल लावलं. रात्री साडेतीन तास झोप आणि दिवसा तीन वेळा वीस-वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ अभ्यास आणि ग्राउंड. पोरांना उठवायचं काम त्यानं निवृत्त सुभेदार वडिलांकडे दिलं. तो स्वतःही तसाच झोपत होता. आज नववा दिवस होता.

सकाळी मैदानावर आष्ट्याची अर्फा आठशे मीटर धावत होती. तिसऱ्या फेरीला ती वळलीच नाही. उघड्या डोळ्यांनी सरळ धावत कुंपणाच्या फटीतून थेट रस्त्यावर गेली. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. नाथाजी धापा टाकत पोचले, तेव्हा ती बोनेटला हात टेकून उभी होती.

"किती मिनिटं झाली, सर?" तिनं विचारलं.

शर्यत संपली असंच तिला वाटत होतं.

नाथाजींनी ते जयराजला सांगितलं, तेव्हा तो ऑफिसात तळहातावरची कोरडी कॉफी पावडर चाटत होता. दात तपकिरी झाले होते, ओठांच्या कडांना बुरशीसारखी पांढरी पुटं चढली होती. शरीर आधी मोडतं आणि मग नव्यानं जुळतं, दहाव्या दिवसानंतर सगळं सुरळीत होतं, असं तो म्हणाला. म्हणताना पावडरचे कण वडिलांच्या सदऱ्यावर उडाले.

"आन् पालकास्नी उगं सांगू नगा, आण्णा."

नाथाजींनी सदरा झटकला. बर्फातल्या चौकीवर त्यांनीही तुकड्या-तुकड्यांनी झोप काढली होती. पण तिथं कुणी त्याला शास्त्र म्हणत नव्हतं, आणि पहारा बदलला की जो तो मेल्यासारखा पडायचा. हे त्यांना बोलायचं होतं. जयराज तोवर मोबाईल उंच धरून नवव्या दिवसाचा व्हिडिओ करायला लागला होता. आवाज उत्साहाचा, हसू ताणलेलं. नाथाजींना ते बघवेना.

दुपारी अर्फाच्या आईचा फोन आला. रहिमतबी मिरची कांडपाचं दुकान चालवायच्या. लेकीचा फोन लागत नाही, म्हणाल्या. पोरांचे मोबाईल जयराजनं काढून घेतले होते.

"पोरगी नीट हाय नव्हं, सुभेदारसाहेब? तुमी हाय म्हनून लावून दिली बगा."

"नीट हाय," नाथाजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते नळावर गेले. चूळ भरली, पुन्हा भरली. काहीतरी सडकं चावल्यासारखी चव जिभेवरून जाईना. फाटकावरच्या फ्लेक्सवर वर्दीतला त्यांचाच फोटो होता, पिळदार मिशांचा, आणि खाली लिहिलं होतं, 'सुभेदारांच्या शिस्तीत'. तो बघून त्यांना आज स्वतःची किळस आली. पोरांच्या लाळेची आली होती त्याहून जास्त.

पाच वाजता दिवसातली शेवटची झोप. हॉलमध्ये डोकी बाकांवर टेकली. जयराजनंही ऑफिसच्या टेबलावर मान टाकली.

"वीस मिंटांनी उठवा. मलाबी," तो म्हणाला आणि वाक्य संपायच्या आत घोरायला लागला.

नाथाजी समोर बसून राहिले. वीस मिनिटं झाली. जयराजचा मोबाईल गजरानं टेबलावर थरथरला. त्यांनी तो बंद केला. हॉलमध्ये जाऊन एकेक खिडकी हळू उघडली. वारा आत आला तरी कुणी हललं नाही. मग परत येऊन त्यांनी प्रवेशाची वही ओढली, चष्मा लावला आणि पहिला फोन आष्ट्याला लावला.

"रहिमतबी, मगाशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. मग सकाळचं सगळं सांगितलं, टेम्पोसकट.

पलीकडे रहिमतबींनी चालू कांडप बंद केलं.

"तिचं काय चुकलं काय?"

"तिचं काय बी चुकलं न्हाई. येऊन घिऊन जावा तिला. चार दिस झोपू द्या, अभ्यास घरीबी हुतोय."

पहिल्या एसटीनं येते, एवढंच त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नाथाजींना वाटलं.

दुसरा नंबर उदयसिंहच्या वडिलांचा होता. तिसऱ्यानं तुमच्यावर केस करतो म्हणून दरडावलं. नाथाजींनी ऐकून घेतलं. प्रत्येकाला तेच सांगितलं, काही न गाळता. मी रोज उठवत होतो, हेही सांगितलं.

अकरावा फोन चालू असताना जयराजनं डोळे उघडले. गालावर टेबलाच्या काचेची कड उमटली होती. वडील काय बोलतायत, कुणाशी बोलतायत, हे तो बघत राहिला. वही त्याच्या हाताला लागेल इतकी जवळ होती. नाथाजींनी बोलणं थांबवलं नाही. फोन ठेवून त्यांनी बाराव्या नावावर बोट टेकवलं.

"किती वाजलं, आण्णा?"

"झोप," नाथाजी म्हणाले.

जयराजनं एकदा वहीकडे पाहिलं. मग दुसरा गाल टेबलावर टेकवून त्यानं डोळे मिटले.