चुलीपासून एक वीत

आई भाकरी थापत होती आणि जमिला खांबाला बांधलेली होती. जुन्या लुगड्याची पट्टी. एक टोक खांबाला, दुसरं पोरीच्या कमरेला.

जमिला शेजारच्या शफीची, दीड वर्षाची. शफी देहूरोडला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करी. बायको वारल्यापासून कामावर जाताना तो पोरीला माझ्या आईकडे सोडायचा. पोर त्याच्याजवळ राहावी की पुण्याच्या अनाथाश्रमात जावी, याचा अहवाल मला लिहायचा होता. माझी नोकरीच ती. ‘दिवसा मूल कोणाच्या देखरेखीखाली असते?’ या रकान्यापाशी मी पंधरा दिवस अडले होते.

“आई, मूल बांधलेलं घर आम्ही नापास करतो.”

“मग कर की.” तिने जमिलाला चुलीकडे वळवलं, तिचा हात लांब करून पाहिला आणि गाठ सोडून जरा आखडती बांधली. “तुलाबी ह्याच खांबाला बांधली व्हती. शिकून सायबीण झालीसच ना?”

“ते दिवस वेगळे होते.”

“चूल तीच हाय, इंदे.”

जमिला हसली, म्हणून आईही हसली. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, तेव्हा आई चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. हाताला पीठ वाळलेलं. तव्यावरची भाकरी कोळसा झालेली. तिला जाऊन दोन-तीन तास झाले असावेत, असं वैद्य नंतर म्हणाले.

जमिला पट्टी ताणून पालथी झोपली होती, हात चुलीकडे पसरलेला. जवळ पाण्याचं फुलपात्र आणि भाकरीचा चघळलेला तुकडा. तिच्या बोटांपासून चुलीपर्यंत मी वीत टाकून पाहिली. बरोबर एक भरली.

संध्याकाळी शफी आला. पोरीला उराशी धरून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“ताई, काकू गेल्या. आता जमिलाला नेतील?”

“नाही. मी रजा टाकते. तुझ्या बहिणीला बोलावून घे; ती येईपर्यंत जमिला इथेच राहील. तसं लिहिते मी.”

“आणि ती पट्टी?”

“असू दे खांबाला.”

बाहेर तिरडी बांधत होते. बायका जरा बाजूला झाल्या, तेव्हा मी आईच्या बोटांवरचं पीठ ओल्या फडक्याने पुसलं. खांबाशी बसून तिच्या भाकरीचा आवाज ऐकल्याचं मला आठवतं. भीती वाटल्याचं आठवत नाही.

“आई,” मी मोठ्याने म्हणाले, “तुझ्या घरात मला कधी काही झालं नाही. तू मला नीट सांभाळलंस.”