पाणघोड्याच्या पोटाचा जोड

आमच्या ह्यांना वेल्डिंग कुणी शिकवलं नाही, आणि हे ते कुणाला शिकवतही नाहीत. गॅरेजात झाडलोट करता करता बघून शिकले. पोटापाण्यासाठी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. जिवाच्या समाधानासाठी करतात ती लोखंडी जनावरं. भंगारातून साखळ्या, गिअर, मोडकी फावडी आणायची आणि ठोकत बसायचं. आमच्या अंगणात एक बगळा आहे, एक गेंडा आहे आणि आणखी एक काहीतरी आहे, त्याला हे घोडा म्हणतात.

सगळं स्वतः करायचं हा ह्यांचा बाणा. कापायचं स्वतः, वाकवायचं स्वतः, जोडायचं स्वतः. मी काय करायचं? धरायचं! लग्न झाल्यापासून मी पत्रे धरतेय. एकदा हे दुपारी झोपले असताना मी मोडकं स्टूल जोडलं. उठले, माझ्या जोडाकडे पाहिलं, ग्राइंडर घेऊन तो घासून काढला आणि तिथेच स्वतःचा जोड मारला. वर म्हणाले, "हात बसावा लागतो." अहो, हातात काही दिलंत तर बसेल ना! मला फार काही नको होतं. ह्यांच्या एखाद्या जनावरावर एक जोड माझा असावा, एवढंच मनात होतं.

त्यात हा पाणघोडा आला. नव्या बागेत मुलांना चढायला म्हणून बागेच्या साहेबांनी सांगितला होता. चार लोकांत उभं राहणारं ह्यांचं हे पहिलंच जनावर, त्यामुळे ह्यांचं जेवणाखाण्यात लक्ष नव्हतं. जुन्या गाड्यांची बॉनेटं ठोकून पाठ केली, तोंडात जाडजूड बोल्टांचे दात बसवले. न्यायच्या दिवशी पोटाचा एक पत्रा तेवढा लावायचा राहिला होता. दुपारी क्रेन येणार होती. आज पाणघोडा पोचला नाही तर त्या जागी प्लॅस्टिकचं अस्वल बसवू, असं साहेबांनी बजावलं होतं.

"हा पत्रा बाहेरून मारा की," मी म्हटलं.

"बाहेरून कुणीही मारेल. जोड आतून पक्का हवा."

"आतला जोड कोण बघणार आहे?"

"मी."

झालं! वेल्डिंगचा रॉड लावलेला होल्डर घेऊन हे पोटाच्या भोकातून आत शिरले. आत वारा जावा म्हणून मी पाणघोड्याच्या तोंडासमोर टेबलफॅन लावला, खाली आडवी झाले आणि पत्रा भोकावर दाबून धरला.

"अहो, पण तुम्ही..."

"मधे बोलू नकोस. हात हलतो."

राहिले मी गप्प. माझं काय जातंय!

चरचर आवाज होत होता, फटींतून निळा उजेड येत होता आणि हे आत मजेत गुणगुणत होते. चारही बाजू झाल्या. "वा!" आतून आवाज आला. "बघण्यासारखा झालाय."

मग आतून पत्र्यावर ठकठक झाली.

"अगं."

"काय?"

"मी आत आहे."

"हो का? मला वाटलं, फिरायला गेलात."

शेजारीच राहणारी माझी नणंद ठोकाठोकी ऐकून धावत आली. "वहिनी, दादा कुठाय?" मी पाणघोड्याकडे बोट दाखवलं. तिने डोक्याला हात लावला. दातांमधून ह्यांची बोटं बाहेर आली, तिने पाण्याची बाटली दिली. बाटली गेली, पण आतून पत्रा कापायला ग्राइंडर द्यावा तर तो काही जाईना.

"पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरला बोलावू?" तिने विचारलं.

आतून धाडधाड लाथा बसल्या. "तो आला तर मी इथून निघणार नाही!"

"नाहीतरी कुठे निघताय?" मी म्हटलं.

तेवढ्यात क्रेन आली. क्रेनवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आहे तसा उचलू का? बागेत गेल्यावर बघू."

आतल्या लाथा थांबल्या. मग हळू आवाजात विचारणा झाली, "तुला कापायला जमेल ना?"

"तुम्हीच सांगा. बसलाय का माझा हात?"

"स्टूल बरं जोडलं होतंस."

"मग घासून का काढलंत?"

"बरं जोडलं होतंस म्हणूनच."

असा राग आला, की वाटलं क्रेनवाल्याला खरंच उचलायला सांगावं. पण ह्यांना ओलं पोतं पांघरून मागच्या बाजूला सरकायला सांगितलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडाल्या तशी आतून सुरुवात झाली, "सावकाश! डावीकडे घे! अगं, डावीकडे!"

"मधे बोलू नका," मी ओरडले. "हात हलतो!"

पत्रा निघाला. आधी पाय आले, मग पोतं, मग काळंठिक्कर तोंड. आखडून बसल्याने ह्यांना उभं राहवेना. तसेच होल्डर घ्यायला गेले, तर हात लटलटत होता. रॉड पत्र्याला चिकटून बसला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. क्रेनवाला हॉर्न देत होता. ह्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि होल्डर पुढे केला.

"मार."

पत्रा धरायला हे बसले. धरणं ह्यांना अजिबात जमत नाही, सारखे हलतात. पण मी जोड मारला, चारही बाजूंनी, हळूहळू, जीव मुठीत धरून. जोडावर धरलेला जळका पापुद्रा हातोडीने उडवला. ह्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. बाजूलाच ग्राइंडर पडला होता. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते.

"उचल रे," हे क्रेनवाल्याला म्हणाले.

बागेत पाणघोडा थाटात उभा राहिला. कडक इस्त्रीतले साहेब खुशीत येऊन म्हणाले, "कमाल आहे! सगळं एकट्यानं केलंत?"

"नाही," हे म्हणाले. "पोटाचा जोड हिचा आहे. बघा."

"कुठे?"

"खाली. आडवं व्हावं लागतं."

हे स्वतः गवतात उताणे झाले आणि साहेबांचा हात धरून त्यांनाही खाली ओढलं. क्रेनवाला न बोलावताच शिरला. पोटाखालून तीन जोडी पाय बाहेर आलेले, आणि तिथून ह्यांचं चालू, "ही रेघ बघा कशी सरळ आलीय. कोपरा बघा."

"अहो, उठा! लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत की. त्यांनाही बोलाव."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी सगळ्यांदेखत रडले.