तसदी घेऊ नये

ग्रंथालयात कुठलं पुस्तक यायचं आणि कुठलं जायचं हे ग्रंथपाल लारस ठरवते, असं सगळ्या विद्यापीठाला वाटायचं. ठरवते कसली! ठरवायचा तो डॉलर. परदेशी नियतकालिकांची वर्गणी डॉलरात, अंदाजपत्रक इंडोनेशियाच्या रुपियात, आणि रुपिया दरवर्षी आणखी खाली बसणारा. मग इकडचं तोडायचं आणि तिकडे जोडायचं, एवढंच बिचारीच्या हातात होतं. प्राध्यापक तिला 'बू', म्हणजे बाई, म्हणत, आणि तिच्या दारावरून जाताना एकमेकांना सांगायचे, 'आत जाऊ नका, बू लारस नाहीच म्हणणार.' हौसेने नाही म्हणतं का कुणी?

या वर्षी मात्र ही काटछाट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. तिथे मागच्या भिंतीला 'लिन्तांग एसुक'चे बांधीव खंड होते. नावाचा अर्थ पहाटतारा. हे जावानी भाषेतलं साप्ताहिक केव्हाच बंद पडलेलं. लारसच्या लहानपणी तिची आई त्यातल्या गोष्टी मोठ्याने वाचायची, आणि वडील झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. त्या खंडांवर लारसचा जीव होता, आणि तिने तो कधी लपवलाही नव्हता.

"हे वाचतं कोण, बू?" उपकुलगुरूंनी विचारलं. विनार्नो त्यांचं नाव, सगळे अदबीने 'पाक', म्हणजे साहेब, म्हणत. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"वाचतात, पाक."

"कोण? एक नाव सांगा. अहो, माझी पोरं मला जावानीत 'जेवलात का' एवढंसुद्धा धड विचारत नाहीत. तिथे कॉफीचं दुकान काढू, मुलं येऊन बसतील, आणि त्या भाड्यातून तुमचीच वर्गणी भरू."

"मला एक सत्र द्या. वापराचा आकडा आणून दाखवते."

"दाखवा. आकडा असला तर खंड राहतील, वर स्कॅन करायचे पैसेही देतो. पण शून्य निघाला तर काढून टाकायच्या कागदावर सही तुमची. आणि मग रडायचं नाही हं."

"नाही रडणार," लारस म्हणाली.

आता हा आकडा काढतात कसा? ते खंड घरी नेता येत नसत, तिथेच बसून वाचायचे. वाचून झाल्यावर वाचकाने खंड टेबलावर तसाच सोडायचा. संध्याकाळी ग्रंथालयातली मदतनीस यू पार्मी, म्हणजे पार्मीताई, ढकलगाडी घेऊन फिरणार, टेबलावर सापडेल त्याची नोंद करणार आणि जागेवर लावणार. टेबलावर सापडला तो वाचला गेला. कपाटात आहे त्याला कुणी हात लावला नाही. झालं, एवढंच शास्त्र.

म्हणून लारसने स्वतः पाटी लिहिली. साध्या भाषेत लिहायची सोडून बाईसाहेबांनी ती घातली उंची जावानीत, जी आपण सासऱ्याशी, गुरुजींशी बोलतो तसली. ती वाचणारी म्हातारी माणसं येतील, त्यांचा मान राहावा, हा हेतू. 'वाचकांनी खंड पुन्हा कपाटात ठेवण्याची तसदी घेऊ नये. टेबलावर राहू द्यावेत, ही नम्र विनंती.' पाटी लावून ती दोनदा मागे सरून बघून आली. सुरेख अक्षर होतं.

रोज सकाळी दारात म्बाह दिब्यो, म्हणजे दिब्यो आजोबा, भेटायचे. निवृत्त शाळामास्तर, इस्त्रीचा बाटिक सदरा, काखेत कापडी पिशवी. शंकरपाळ्यासारखी खुसखुशीत अशी चेष्टा रोज व्हायची.

"कुठे, म्बाह? वर?"

"वर जरा. तुमचा वरचा पंखा फार गुणी आहे, बू. आमच्या घरचा नुसता कुरकुरतो."

"म्हणजे तुम्ही आमच्या पंख्यासाठी येता तर!"

"या वयात आणखी कुणासाठी येणार?" म्हातारबुवा मिस्कील हसायचे आणि कठड्याला धरून जिना चढायचे.

महिने जात होते आणि आकडा काही हलत नव्हता. लारसचा जीव टांगणीला लागला.

"यू, वर कुणी म्हणजे कुणीच नसतं का गं?" तिने पार्मीला विचारलं.

"ते एक म्हातारे असतात की. पंख्याखाली. मी जाते तेव्हा डोळे मिटलेले असतात, झोपायला येत असतील. पण बू, टेबल असं लख्ख ठेवून जातात की फडकं मारायची लाज वाटते. नाहीतर ही आपली पोरं! चिप्सचा चुरासुद्धा आपणच उचलायचा."

लारस हसली. हसली, आणि तिथेच सगळं बुडालं. अगं, तीन जिने चढून एकदा बघून आली असतीस तर पाय झिजले असते का तुझे? पण तिला परदेशी कंपनीची पत्रं होती, बैठका होत्या. आणि म्हातारा माणूस पंख्याखाली डुलकी घेतो, यात बघण्यासारखं काय असतं?

सत्र संपलं. आकडा शून्य.

राजधानीतल्या ग्रंथालयाच्या सूचीत 'लिन्तांग एसुक' आहे, एवढं तिने पाहून घेतलं, मनाला समजावलं आणि सही केली. रद्दीवाल्याचा ट्रक मागच्या दाराला लागला. ठरल्याप्रमाणे ती रडली नाही, पण त्या दुपारी तिला डबा काही खाववला नाही.

सोमवारी म्बाह दिब्यो नेहमीसारखे वर गेले आणि लगेच खाली आले. लारसच्या टेबलापाशी अदबीने उभे राहिले.

"बू, वरचं कपाट रंगवायला नेलंय का?"

लारसने मान वर केली. "कुठलं कपाट, म्बाह?"

"मागच्या भिंतीचं. 'लिन्तांग एसुक'चं."

"तुम्ही... ते वाचत होता?"

"वाचतो ना. रोज एक गोष्ट. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून." ते जरा लाजले. "त्यात 'रारा विलिस' नावाने गोष्टी येतात बघा, ती आमची सितोरेस्मी. माझी बायको. तिच्या वडिलांना बायकांनी लिहिलेलं खपत नसे, म्हणून टोपणनाव. भूकंपात घर बसलं, त्यात ती गेली आणि तिचे अंकही गेले. मग तुमच्याकडे सापडली. एकेक गोष्ट वाचून झाली की थोडे डोळे मिटून बसायचं. तिचा आवाज येतो मग."

लारसने टेबलाची कड घट्ट धरली. "म्बाह, मी पाटी लावली होती. टेबलावर राहू द्या म्हणून. तुम्ही वाचली नाहीत का हो?"

"वाचली की! किती गोड लिहिलीत. पण कुणी इतक्या अदबीने 'तसदी घेऊ नये' म्हटल्यावर खुशाल उठून जायचं? यजमान 'राहू दे, राहू दे' म्हणाला म्हणून पाहुणा आपलं ताट तसंच टाकतो का? आईने असं नाही वाढवलं मला." ते थांबले, मग हळू आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू? तिला टेबलावर टाकून निघायचा धीर होत नसे. जागेवर नेऊन ठेवायचो, शेजारचे खंड थोडे सरकवायचो, आणि मग घरी जायचो."

तिने सगळं सांगितलं. आकडा, शून्य, सही, ट्रक. सांगताना तिचे डोळे भरून आले. म्हातारबुवा मान हलवत ऐकत राहिले.

"माझं चुकलं, म्बाह."

"छे, छे. तुमचं काय त्यात? मीच सांगायला हवं होतं. तुमच्या कामात कशाला खोळंबा, म्हणून राहिलं. रडू नका, बू. लोक बघतायत." आणि ते तिलाच समजावत बसले, आता बोला!

त्याच दुपारी ती स्कूटर काढून रद्दीवाल्याकडे धावली. माल शनिवारीच कारखान्यात गेला होता, लगदा व्हायला. तिने राजधानीला फोन लावला. त्यांच्याकडे साप्ताहिक होतं, पण सुरुवातीचीच वर्षं. सितोरेस्मी लिहू लागली तिथून पुढचं काही नाही. "तेच आम्ही शोधतोय," पलीकडची बाई आनंदाने म्हणाली. "तुमच्याकडून मिळतील का?" लारसने फोन ठेवून दिला. न जाणो, एखादं पान लगद्यातून सुटलं असेल म्हणून, अजूनही रस्त्यावर केळ्याची भजी घेतली की ती आधी पुडीचा कागद उलगडून वाचते. गाडीवाल्याला वाटतं, बाईंना भजी आवडली नाहीत.

म्बाह काही दिवस आले नाहीत. मग एका सकाळी आले. तोच सदरा, तीच पिशवी. जिन्याकडे वळले नाहीत. खालीच, लारसच्या समोरच्या टेबलावर वर्तमानपत्र घेऊन बसले. पानं उलटली, पण डोळे काही मिटले नाहीत. थोड्या वेळाने उठले, वर्तमानपत्राची नीट घडी केली, आणि सवयीने हात मांडणीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. घडी टेबलाच्या मधोमध ठेवली, तिच्यावरून एकदा तळवा फिरवला आणि लारसजवळ येऊन वाकले.

"टेबलावरच ठेवलंय हं, बू," ते अगदी मनापासून म्हणाले. "तेवढं मोजून घ्या."

आणि ते दारातून बाहेर पडायच्या आत, सगळ्या ग्रंथालयादेखत, लारस हुंदके देऊन रडू लागली.