हिरव्या साडीची ओटी

नांदगाव पेठेतल्या माझ्या शिलाई कारखान्यात जुनी रीत होती. बाईला सातवा महिना लागला, की माझी बायको हिरवी साडी देऊन तिची ओटी भरायची आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या मशीनवर दुसरी बाई बसायची. 'तुला काढलं' असं आम्ही कोणाला कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

त्या वर्षी कायदा बदलला. सव्वीस आठवडे भरपगारी रजा द्यायची, बाईला काढायचं नाही, असं वकिलानं मला झापून सांगितलं.

तेवढ्यात कारखान्यातल्या जयवंता नावाच्या बाईला सातवा लागला. तिच्या घरची कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती. रजेची बातमी ऐकून तरी ती हसेल, म्हणून बायको ओटी भरत असतानाच मी तिला सांगितली.

"रजा घे. पगार भेटन, मशीन तुहीच राहीन."

ती नुसती साडीकडे पाहत राहिली.

"अवं, कायदाच हाय आता!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी मशीनवर हजर. पदराखाली पोट पट्टीनं आवळून बांधलेलं, मांडीवर साडीची न मोडलेली घडी.

"साडी वापस घ्या, भाऊ," ती म्हणाली. "पाहा बरं, पोट दिसते काय आता?"