आधीचा फोटो

त्यांना सगळे खिळेकाका म्हणत. सोफ्यावर नवं कापड चढवताना बारीक खिळे ओठांत धरायची त्यांची सवय होती, आणि त्या बळावर ते जन्मभर मितभाषी, विचारी वगैरे गणले गेले. तोंडात खिळे असले की कुणीही विचारी दिसतो.

गिऱ्हाईक आटलं तसं लेकीने दुकानाचं पान काढलं, मोबाइलवर. डावीकडे आधीचा सोफा, उजवीकडे नंतरचा. काकांना वाटायचं, लोक उजवीकडचं काम बघून येतील. लेकीला आठवड्याभरात अक्कल आली.

"बाबा, उजवीकडे कुणी बघत नाही. लोकांना दुर्दशा आवडते. जेवढी घाण, तेवढे लाइक."

मांजराने ओरबाडलेला एक सोफा तर गावभर फिरला. त्याच्या मागोमाग अक्काचा सोफा आला.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांचं नाक पुसण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. तिच्या घरात धूळसुद्धा चपला बाहेर काढून येते, असं तिचे यजमान हयातभर सांगत. सोफ्याच्या हातांवर बदकांची कोरीव डोकी होती, चोचीही रोज पुसल्या जात. मधली स्प्रिंग सैल झाली होती आणि कापड जरा विटलं होतं, बस.

"हा काय आधीचा फोटो झाला?" लेक म्हणाली. "आपल्या नंतरच्यांपेक्षा हा बरा दिसतोय."

काकांनी सोफ्याकडे पाहिलं. कापड तर फाडून फेकायचंच होतं. फेकायच्या कापडाला कसली आलीय इज्जत, असा विचार त्यांनी केला, आणि कपात उरलेला चहा बैठकीवर ओतला. डाग फारच नीटनेटका पडला. मग चपलेचा तळ घासला. पाठीला चीर देऊन आतला काथ्या उपसला. कामात हातचं राखणं त्यांना ठाऊक नव्हतं.

फोटो तुफान चालला. 'या घरात बाई आहे की नाही?' असं एकाने विचारलं. 'आहे, पण सोफ्याखाली सापडेल,' असं दुसऱ्याने कळवलं. आणि तिसऱ्याने बदकं ओळखली. 'अरे, हा तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचा!'

काका नवा कोरा सोफा घेऊन गेले तेव्हा अक्काने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती स्टुलावर बसली होती.

"खालच्या बाई सकाळी आल्या होत्या," ती म्हणाली. "दारातच उभ्या. आत या म्हटलं, तर म्हणतात, नको, कपडे आत्ताच बदललेत." मग तिने विचारलं, "माझ्या घरातून निघाला तेव्हा डाग होता का रे त्याच्यावर?"

नेमके त्या दिवशी काकांच्या तोंडात खिळे नव्हते.

"नव्हता," ते म्हणाले.

अक्का रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग?" काकांनी चपला चढवल्या आणि ते निघाले.

घरी येऊन ते लेकीला म्हणाले, "मला बोलायचंय. घे मोबाइल."

"ऑर्डरी जातील, बाबा."

"जाऊ देत."

त्यांनी कॅमेऱ्यात बघून सरळ सांगितलं. सोफा स्वच्छ होता. चहा मी ओतला, चप्पल मी घासली, चीर मी दिली. बहिणीचा काही दोष नाही.

ऑर्डरी दुप्पट झाल्या.

'बहिणीची अब्रू झाकायला सगळं स्वतःवर घेतलं. असे भाऊ आता कुठे मिळतात?' खाली बदामांची रांग. एका बाईंना तर रडू आवरलं नाही, आणि त्याच ओळीत त्यांनी तिघांच्या सोफ्याचा दर विचारला.

काकांनी तो मोबाइल दुसऱ्या दिवशी अक्कापुढे धरला. तिने चष्मा लावून, ओठ हलवत सगळं वाचलं.

"म्हणजे मी घाणेरडी ती घाणेरडीच," ती म्हणाली. "वर तू देवमाणूस."

"काढून टाकू का सगळं?"

"लोकांच्या डोक्यातून काढशील?" ती उठली. "चल खाली."

"कुठे?"

"ज्यांनी कपडे बदललेत त्यांच्याकडे."

जिना उतरताना काका लहान असल्यासारखे तिच्या मागे मागे चालले. बेल तिनेच वाजवली आणि बाजूला सरकली. खालच्या बाईंनी दार उघडलं, काकांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा कौतुकाने फुलला.

"अगंबाई, तुम्हीच ना ते? काय सांभाळून घेतलंत हो ताईंना."

"सांभाळलं नाही," काका म्हणाले. "सोफा चकचकीत होता. लाइक मिळावेत म्हणून मी घाण केला. धंद्यासाठी बहिणीला विकलं मी."

बाईंनी गोंधळून अक्काकडे पाहिलं.

"पुन्हा सांग," अक्का म्हणाली. "त्यांच्या सासूबाई आत आहेत, त्यांना कमी ऐकू येतं."

काकांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. समोरचं दार उघडलं. वरच्या जिन्यावरून कुणीतरी वाकलं.

अक्काने जिन्याकडे बोट दाखवलं. "आता त्यांनाही."